सळईनं टूल खाल्लं, त्यात हाताचा काय दोष?

पत्र

माझं वय ३४. कोल्हापुरात एका पतसंस्थेत नोकरी करतो. वडील उद्यमनगरात टर्नर होते. संध्याकाळी घरी आल्यावर मागच्या खोलीतल्या त्यांच्या जुन्या साडेचार फुटी लेथवर, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत ठेवून कापायच्या यंत्रावर, लोकांची किरकोळ कामं करायचे. दोन वर्षांपूर्वी ते गेले. लेथ तसाच आहे. शेजारच्या फळीवर बारचे पन्नासएक तुकडे आहेत, काहींच्या टोकाला रंग, काहींवर खडूनं काहीतरी लिहिलेलं.

यंदा मी लेथ साफ करून चालू केला. मला एक छोटं वाफेचं इंजिन करायचं आहे, टेबलावर मावेल एवढं. सरावासाठी घराच्या बांधकामातून उरलेली १६ एमएमची सळई चकात, म्हणजे लेथच्या जबड्यांत, धरली. लेथ थरथरला आणि टूलचं, म्हणजे कापणाऱ्या हत्याराचं, टोक गेलं. मग भंगारातून २५ एमएमचा एक चकचकीत दांडा आणला. त्यावर टूल नुसतं किंचाळत घसरलं, कापलंच नाही. नवा बार घ्यायला लोखंडाच्या दुकानात गेलो तर ‘पूर्ण बार घ्या, तुकडा देत नाही’ म्हणाले. आई म्हणते, लेथ आणि फळीवरचं सगळं विकून टाक, जागा तरी होईल. वडिलांचे तुकडे कापायला माझा हात धजत नाही. खरं सांगायचं तर त्यांच्या हातातली कला माझ्या हातात उतरलेली नाही असं वाटू लागलंय. मी काय करावं? आणि माझ्यासारख्यानं धातू आणायचा कुठून?

— शिकाऊ, कोल्हापूर

उत्तर

तुमच्या पत्रातलं शेवटून तिसरं वाक्य मी आधी खोडते. तुम्ही लेथ नुकता चालू केलाय आणि आजवर फक्त दोनच वस्तू चकात धरल्यात. त्या दोन्ही अशा आहेत, की तीस वर्षं लेथवर काढलेला माणूसही त्या साध्या टूलनं नीट कापू शकला नसता.

सळईचं आधी बघू. हल्ली बांधकामाला येते ती टीएमटी सळई. गिरणीतून लालबुंद बाहेर पडते तेव्हाच तिच्यावर पाण्याचे जोरदार फवारे मारतात. बाहेरचा थर झटक्यात थंड होऊन कडक बनतो, आतला गाभा हळूहळू निवतो आणि मऊ, चिवट राहतो. भूकंपात इमारत वाकावी पण तुटू नये यासाठी ही रचना अगदी योग्य आहे. लेथच्या टूलला मात्र ती वैरीण. शिवाय काँक्रीटनं धरून ठेवावं म्हणून तिच्या अंगावर उंचवटे असतात. म्हणजे प्रत्येक फेऱ्यात टूल एकदा हवेत आणि एकदा कडक कडेवर आदळतं. चकाच्या जबड्यांनाही ती उंचवट्यांमुळे धड धरता येत नाही. लेथ थरथरला तो याच कारणानं. हौशी माणसाच्या हाती पहिल्यांदा हीच वस्तू येते, कारण ती घरात पडलेली असते.

तुमचा चकचकीत दांडा बहुधा हायड्रॉलिक सिलेंडरचा किंवा मोठ्या शॉक अॅब्सॉर्बरचा असणार. त्यावर हार्ड क्रोमचा थर देतात. थर मायक्रॉनमध्ये मोजावा इतका पातळ, पण साध्या एचएसएस (हाय-स्पीड स्टीलच्या) टूलपेक्षा कडक किंवा निदान त्याच्या तोडीचा. क्रोमखालचं पोलादही पुष्कळदा इंडक्शननं कडक केलेलं असतं. तुम्ही टूल अलगद लावलं असेल, नवशिका तसंच लावतो, आणि ते क्रोमच्या पाठीवर घसरत राहिलं. दांडा फेकू नका. कार्बाइड टूल, म्हणजे याहून कडक टूल, हाती आलं की टोकाकडून, एकदम थराच्या खाली जाईल एवढा खोल कट घ्या. आत साधं, नीट कापलं जाणारं पोलाद निघालं तर नशीब. नाही निघालं तर तो दांडा तसाच अख्खा, एखाद्या स्लाइडसाठी वापरता येतो. त्याचा पृष्ठभाग इतका सरळ आणि गुळगुळीत असतो की विकत घ्यायला गेलात तर महाग पडेल.

हे इतकं सविस्तर लिहिण्यामागे माझी एक जुनी टोचणी आहे. मी आयटीआयमध्ये टर्नर ट्रेड शिकवत होते तेव्हा एका तुकडीत एक मुलगा होता. स्टेप टर्निंगचा, म्हणजे बारवर पायऱ्या कापायचा, जॉब सगळ्यांना सारखाच. बाकीच्यांचा पृष्ठभाग ठीकठाक यायचा, याचा कायम ओरबाडल्यासारखा, आणि मधूनच टूलचं टोक उडालेलं. मी त्याला तीन वेळा टूल परत घासायला लावलं. चौथ्यांदा सगळ्यांसमोर बोलले, की तुझं लक्ष नाही. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच कामासाठी त्याच्या बारचा उरलेला तुकडा ग्राइंडरला लावला आणि ठिणग्या बघून थांबले. एकाच बारमध्ये एका जागी मऊ लोखंडाच्या ठिणग्या, चार इंचांवर कडक पोलादाच्या. री-रोल्ड माल होता तो. जुनं मिश्र भंगार तापवून पुन्हा लाटलेला, आत कुठे काय आहे याचा पत्ता नसलेला. मी त्याची वर्गात माफी मागितली. पण आधीच्या आठवड्यात त्यानं स्वतःच्या हाताविषयी जे ठरवून टाकलं असेल, ते त्या माफीनं किती पुसलं गेलं कुणास ठाऊक. तेव्हापासून शिकणाऱ्याचा जॉब बिघडला की मी आधी धातू तपासते, मग टूल, मग मशीन, आणि माणूस सगळ्यात शेवटी.

म्हणून शिकत असेपर्यंत ज्याचं नाव आणि ग्रेड ठाऊक आहे तोच धातू कापा. भंगार स्वस्त पडतं हे खरं, पण ते वापरायला आधी ओळख लागते, आणि ती ओळख चांगला धातू हाताखालून गेल्याशिवाय येत नाही.

तुमचा पहिला बार ईएन १ए या ग्रेडच्या पोलादाचा असावा. याला फ्री-कटिंग म्हणतात. यात गंधक मुद्दाम जास्त ठेवलेलं असतं, त्यामुळे चिप, म्हणजे कापून निघणारा कीस, लांब दोरीसारखी गुंतत न जाता तुटून पडते आणि पृष्ठभाग पहिल्याच दिवशी चकाकतो. त्यातला शिसं घातलेला प्रकार तर आणखी सोपा. तो कापून झाल्यावर हात साबणानं धुतल्याशिवाय काही खाऊ नका आणि त्याला वेल्डिंग करायला जाऊ नका. साध्या एमएसच्या, म्हणजे माइल्ड स्टीलच्या, काळ्या बारपासून सध्या लांब राहा. तो सगळीकडे मिळतो आणि स्वस्तही असतो, पण मऊ आणि चिकट. टूलच्या टोकाला धातूचा कण चिकटून बसतो आणि तोच कण जॉबला ओरबाडत जातो. काळा बार घ्यावाच लागला तर पहिला कट वरच्या पापुद्र्याच्या खाली जाईल असा घ्या, वरवर खरवडत बसलात तर टूल बोथट होईल. ताकद लागेल तिथे ईएन ८. ईएन २४ आणि ईएन ३१ यांच्या वाटेला इतक्यात जाऊ नका.

ब्राइट बार मापाला नीट असतो, पण थंड अवस्थेत ओढलेला असल्यानं आत ताण साठलेला असतो. एकाच बाजूनं खाच पाडली की बार केळीसारखा वाकतो. हे तुमच्या हातून होईल तेव्हाही स्वतःला दोष देऊ नका.

पितळ कापताना वेगळा नियम आहे. पोलादासाठी घासलेलं, वरच्या बाजूला उतार दिलेलं टूल पितळात ओढलं जातं, जॉब उचकटतो. पितळेसाठी टूलचा माथा सपाट ठेवा. ड्रिलचंही तसंच, धारेवर ऑइलस्टोनचे दोन हात मारून तिचा आक्रमकपणा कमी करायचा. अॅल्युमिनियममध्ये खिडक्यांच्या सेक्शनचं मऊ अॅल्युमिनियम, म्हणजे ६०६३, टूलला चिकटतं. ६०६१ किंवा ६०८२ मागा. दुकानात ६०८२ ला एचई ३० म्हटलं तर लगेच कळतं. कापताना रॉकेलचे दोनचार थेंब टाका.

आता आणायचं कुठून. ‘पूर्ण बार घ्या’ म्हणणारा दुकानदार तुमचा शत्रू नाही, त्याचा धंदा टनांचा आहे. तुम्ही चुकीच्या दारात उभे होतात एवढंच. एक हिशेब पाठ करा, धातूच्या बाजारात तुम्हाला कुणी नवखा समजणार नाही. गोल पोलादी बारचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, १६२ नं भागा. एका मीटरचं वजन किलोत मिळतं. २५ एमएमचा बार : ६२५ भागिले १६२, म्हणजे मीटरला ३.८६ किलो. सहा मीटरचा अख्खा बार २३ किलोंच्या वर जातो आणि तुम्हाला हवा आहे एक फूट, म्हणजे १ किलो १७५ ग्रॅमच्या आसपास. पितळेला १६२ ऐवजी १५० नं भागा, अॅल्युमिनियमला ४७२ नं. काट्यावर भलतंच वजन दिसलं तर एकतर माप चुकलंय, नाहीतर धातू. दोन्ही कळलेलं बरं. पितळेचा भाव लोखंडाच्या कितीतरी पट, तिथे हा हिशेब खिशात हवाच.

तुमचं खरं दुकान उद्यमनगरातले जॉब शॉप. सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रावर, बार लावून एकसारखे शेकडो नग काढतात तिथे प्रत्येक बारच्या शेवटी हातभर किंवा वीतभर तुकडा उरतो, जो चकात धरता येत नाही म्हणून बाजूला पडतो. मोठ्या शॉपला तो निरुपयोगी आणि तुम्हाला सोनं. त्यातली मोलाची गोष्ट अशी की तो तुकडा कशाचा आहे हे तिथल्या माणसाला पक्कं माहीत असतं, कारण जॉबच्या ड्रॉइंगवर ग्रेड लिहिलेली असते. आज सकाळी त्यानं ईएन ८ चे नग काढले असतील तर मशीनखालचा तुकडा ईएन ८ च. पण तोच तुकडा संध्याकाळी भंगाराच्या पिंपात गेला की त्याचं नाव पुसलं जातं. म्हणून पिंपात जायच्या आधी पोचा. गोकुळ शिरगाव आणि शिरोलीच्या एमआयडीसीतही हेच करता येईल. पण सुरुवात उद्यमनगरापासून करा आणि आत गेल्यावर पहिलं वाक्य ‘तुकडे आहेत का’ असं बोलू नका. ‘मी अमुक मिस्त्रींचा मुलगा’ म्हणा. तुमचे वडील तिथे टर्नर होते. त्यांच्या हाताखाली शिकलेला किंवा त्यांच्याबरोबर चहा प्यायलेला कुणीतरी अजून तिथे उभा असेल. काय बनवताय ते सांगा. वाफेचं इंजिन म्हटल्यावर कोल्हापूरच्या मिस्त्री लोकांचे डोळे कसे चमकतात ते मी पाहिलंय. पैसे मात्र द्या, भंगारापेक्षा थोडे जास्तच द्या. फुकट मागणाऱ्याला एकदा देतात. नेटका व्यवहार करणाऱ्यासाठी तुकडे बाजूला काढून ठेवतात.

पितळ आणि गनमेटल (तांब्या-कथलाचा मिश्रधातू) यांसाठी नॉन-फेरस, म्हणजे लोखंड नसलेले धातू, विकणारी दुकानं वेगळी असतात, तिथे वजनावर कापून देण्याचा रिवाज आहे, कापण्याची मजुरी वेगळी. मुंबईच्या वाचकांना यासाठी गुलालवाडी, कीका स्ट्रीटचा भाग परिचित असेल, आणि हत्यारांसाठी नागदेवी. पुण्याकडच्यांना भोसरी, चिंचवड. दुकानात ‘थोडं पितळ द्या’ म्हणू नका. ‘फ्री-कटिंग ब्रास, गोल, पन्नास एमएम, दोन इंच, कापून’ असं म्हणा. जुन्या माणसांशी बोलताना सूत आणि इंच येतील. आठ सूत म्हणजे एक इंच, चार सुताचा बार म्हणजे अर्धा इंच.

बीड, म्हणजे कास्ट आयर्न, हवं असेल तर तुमच्यासारखं भाग्य फार थोड्या हौशी माणसांना मिळतं. तुमच्या गावाभोवती फाउंड्र्या आहेत. ओळखीतून एखादं बिघडलेलं कास्टिंग मागा, ग्रेड विचारा, एफजी २६० असेल तर उत्तम. बीडाच्या कातडीत वाळू आणि कडकपणा दोन्ही असतात, म्हणून पहिला कट खोल आणि हळू, कूलंट न घालता. काळी पूड उडते ती लेथच्या बेडला घासते, आधी बेडवर कापड अंथरा. पातळ भाग कधीकधी इतका कडक निघतो की कानस नुसती घसरते. तो तुकडा परत करा.

फळीकडे येऊ. टोकाचे रंग बघून ग्रेड ठरवू नका. प्रत्येक व्यापारी, प्रत्येक कारखाना आपापले रंग ठरवतो. एकाचा पिवळा म्हणजे ईएन ८, दुसऱ्याचा पिवळा काहीही असू शकतो. पण खडूचं लिखाण वडिलांचं आहे, ते आधी नीट फोटो काढून ठेवा, धुळीबरोबर पुसलं जाण्याआधी. ज्यावर ग्रेड वाचता येते ते तुकडे एका बाजूला. बाकीच्यांची चौकशी घरच्या घरी करता येते.

लोहचुंबक लावा. पितळ, तांबं, अॅल्युमिनियम आणि नेहमीचं ३०४ स्टेनलेस चिकटत नाही. (हलकं २०२ सुद्धा चिकटत नाही, त्यामुळे चुंबकावरून स्टेनलेसची किंमत ठरवू नका.) मग कानस. सहज चावली तर मऊ, घसरली तर कडक केलेलं. मग ग्राइंडर, डोळ्यांवर गॉगल लावून. साध्या एमएसच्या ठिणग्या लांब, सरळ, पिवळट पांढऱ्या, फाटे कमी. कार्बन वाढेल तशी ठिणगी फुलबाजीसारखी फुटते. बीडाची आखूड आणि लालसर. जुन्या एचएसएस टूलची मंद लाल, तुटक. पुस्तकी वर्णनावर विसंबू नका. ज्याची ग्रेड माहीत आहे असा तुकडा एका हातात आणि अनोळखी दुसऱ्या हातात घेऊन पाळीपाळीनं लावा, फरक डोळ्यांना लगेच कळतो. अॅल्युमिनियम आणि पितळ ग्राइंडरच्या चाकाला लावायचं नाही, चाक भरून जातं आणि फुटायचा धोका राहतो.

आणखी एक चाचणी मला सगळ्यात भरवशाची वाटते. पातळ चकती कापा, गॅसवर लाल करा, पाण्यात बुडवा. नंतर कानस पूर्वीइतकीच सहज चावली तर कार्बन कमी, एमएसच्या जातीचं. घसरली तर कडक होणारं पोलाद आहे, ते वेगळं ठेवा. पुढे छोटी हत्यारं करायला ते सोन्यासारखं आहे. पितळ की कासं असा प्रश्न पडला तर स्वयंपाकघरातला काटा पुरतो. तुकडा हवेत तोला, मग दोऱ्यानं पाण्यात लोंबकळता ठेवून तोला. हवेतल्या वजनाला दोन्हींच्या फरकानं भागा. ३४० ग्रॅमचा तुकडा पाण्यात ३०० भरला तर भागाकार ८.५, म्हणजे पितळेच्या घरातला. कासं, गनमेटल त्याहून थोडं वर जातं.

आणि तुकडे कापताना टूलरूमचा एक नियम पाळा : नेहमी रंग नसलेल्या टोकाकडून कापायचं. रंगाचं, लिखाणाचं टोक शेवटपर्यंत राहिलं पाहिजे, नाहीतर उरलेला बार अनाथ होतो. कापलेल्या तुकड्यावर लगेच अक्षरपंचनं ग्रेड ठोका. तुमचा हात धजत नाही असं तुम्ही लिहिलंत ना, हा नियम त्यावरही उपाय आहे. वडिलांच्या अक्षराचं टोक तुमच्याकडेच राहील. ते तुकडे त्यांनी कापण्यासाठीच आणले होते.

भंगाराविषयी मोजकंच, पण हे मन लावून वाचा. गॅस भरलेला शॉक अॅब्सॉर्बर किंवा कुठलंही बंद सिलेंडर कापू नका, लेथवरही नाही, ग्राइंडरनंही नाही. आत दाब असतो. गॅल्व्हनाइज्ड पाइप तापवू नका, जस्ताचा धूर फुप्फुसात गेला की त्या रात्री थंडीताप भरतो. फारच हलकं, अॅल्युमिनियमसारखं दिसणारं कास्टिंग मॅग्नेशियमचं असू शकतं. त्याच्या चिप पेटल्या तर पाणी मारायचं नसतं, पाण्यानं आग भडकते. शंका आली तर ते लेथवर चढवूच नका. आणि रुळाचा तुकडा. ऐरण म्हणून तो सुरेख चालतो, प्रत्येक हौशी माणसाला तो हवा असतो. पण रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगण्याविरुद्ध १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे. पावती नसलेला रूळ कितीही स्वस्त मिळाला तरी घरात आणू नका. नळाच्या तोट्या आणि झाकणं गोणीत भरून विकायला आलेल्या माणसाकडूनही काही घेऊ नका. ती कुणाच्या तरी दारातून निघालेली असतात.

भंगारात चांगलं काय असतं? जुन्या प्रिंटरमधल्या बारीक सरळ दांड्या. मोडक्या मोटारीचं शाफ्ट, बहुतेक वेळा नीट कापलं जातं. गाडीचे पाटे कडक होणाऱ्या पोलादाचे असतात, छिन्नी-पंचसाठी छान. ट्रॅक्टर किंवा जीपचा अॅक्सल दिसायला मोहक, पण वरून कडक केलेला असतो. तुमच्या चकचकीत दांड्याची कथा पुन्हा घडेल.

आता इंजिन. पहिलं इंजिन डुलत्या सिलेंडरचं करा. त्यात व्हॉल्व्हची गुंतागुंत नसते, सिलेंडर स्वतः मागेपुढे डुलून वाफेची भोकं उघडतो-मिटतो. सिलेंडरला २० एमएम चौरस पितळ, ४० एमएम लांब, बोअर, म्हणजे आतलं भोक, १२ एमएम. भोक पाडण्याआधीचं वजन जेमतेम १३५ ग्रॅम. फ्लायव्हील ५० एमएम व्यासाचं, १२ एमएम जाड पितळेचं, २०० ग्रॅमच्या आसपास. सगळं मिळून अर्धा किलोही पितळ लागत नाही. पिस्टन ईएन १ए चा, तेल देऊन चालवा. क्रँकच्या शाफ्टला ५ एमएमचं सिल्व्हर स्टील. नावात चांदी असली तरी आत चांदी नसते, ते नेमक्या मापाला घासलेलं उच्च कार्बन पोलाद आहे. बैठकीला ६ एमएम अॅल्युमिनियमची पट्टी. या इंजिनाचं यश एका जागी ठरतं : सिलेंडरची आणि खांबाची जी तोंडं एकमेकांवर घासतात ती अगदी सपाट हवीत. काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून, तेलाचा थेंब टाकून, आठच्या आकड्यासारखं फिरवत घासा. लेथवर जेवढा वेळ जाईल तेवढाच इथे जाऊ द्या.

ते वाफेवर चालवू नका, निदान आत्ता नको. हवेवर चालवा. गाडीच्या टायरला हवा भरायचा छोटा पंप पुरेसा आहे. बॉयलर ही वेगळी विद्या आहे. बंद डब्याला किंवा भंगारातल्या पाइपला झाकण लावून त्यात पाणी उकळायचं नाही, एकदाही नाही, बघण्यापुरतंही नाही. पुढे करायचाच झाला तर तांब्याचा, चांदीच्या डागानं जोडलेला, सेफ्टी व्हॉल्व्ह असलेला, आणि आधी पाणी भरून कामाच्या दुप्पट दाबाला तपासलेला. तेही जाणकार शेजारी उभा असताना. पाण्याची तपासणी यासाठी की फुटलं तर पाणी ओघळतं, वाफ मात्र उडवून देते.

आईंचं म्हणणं मला कळतं. जागेची अडचण खरी असते, आणि रोज नजरेसमोर तो बंद लेथ बघणं त्यांना सोपं गेलं नसेल. विकायचं की नाही हे वर्षभर पुढे ढकला. मधल्या काळात फळी त्यांच्या मदतीनं आवरा. नक्की कशाचे आहेत ते तुकडे पीव्हीसी पाइपच्या कापलेल्या नळ्यांत उभे लावा, एका नळीत एक ग्रेड, बाहेर मार्करनं नाव. तीन वेगवेगळी पिंपं ठेवा : लोखंडाच्या चिप, पितळेच्या, अॅल्युमिनियमच्या. मिसळलेल्या चिपला कुणी भाव देत नाही, वेगळ्या ठेवलेल्या पितळेच्या चिपचे चांगले पैसे येतात आणि पुढचा तुकडा त्यातूनच घेता येतो. या आवराआवरीतच निम्मी जागा मोकळी होईल. आणि कुठला तुकडा कुठल्या कामातून उरला हे आईंना विचारा. माझा अंदाज आहे की त्यांना तुमच्याहून जास्त आठवत असेल.

या रविवारी एवढंच करा. फळीवर खडूनं ‘१ए’ लिहिलेला तुकडा सापडला तर तो, नाहीतर उद्यमनगरातून आणलेला, २५ एमएमचा. एचएसएस टूल ताजं घासून, टोक बरोबर सेंटरच्या, म्हणजे बारच्या मधल्या रेषेच्या, उंचीला. वेग मिनिटाला साधारण ३२० ते ४५० फेरे, तुमच्या पुलीवर जो जवळ पडेल तो. हातात मोजे नकोत, बाह्या वर दुमडलेल्या, गॉगल डोळ्यावर. अर्धा एमएम खोलीचा कट, न थांबता, एकाच गतीनं हात फिरवत. चिप कशी पडते ते बघा, तुटून पडते की गुंडाळते, आणि फिनिश कसं आलं ते मला कळवा. वेग आणि तुकड्याची ग्रेड लिहायला विसरू नका. फिनिश आवडलं नाही तरी लिहा. आपण आधी धातूपासून बघायला लागू.